हूल पकडावी किती वेळा?

मे महिन्याच्या सुटीतील दुपार. बाहेर ऊन रणरणत असते आणि घरात पत्त्यांचा कॅट निघतो. झब्बू होतो, बदाम सात होतो आणि मग कोणीतरी 'चॅलेंज' खेळायची टूम काढतो. हा खेळ तुम्हांला ठाऊक असेलच. पाने पालथी टाकायची आणि ''तीन सत्त्या'' असे गंभीर चेहऱ्याने सांगायचे. त्या खरोखर सत्त्या असतील किंवा नसतीलही. समोरच्याला संशय आला तर तो ''चॅलेंज!'' म्हणतो. थाप उघडी पडली तर मधला सगळा ढीग थाप मारणाऱ्याने उचलायचा. सत्त्या खऱ्या निघाल्या तर संशय घेणाऱ्याने.

या खेळात दोन प्रकारचे गडी हमखास हरतात. एक, ऊठसूट चॅलेंज म्हणणारा. त्याच्या हातात पानांचा गठ्ठा वाढतच जातो. दुसरा, कधीच चॅलेंज न म्हणणारा. त्याच्यासमोर सगळे बिनदिक्कत थापा मारून मोकळे होतात. म्हणजे संशय कधी घ्यावा आणि कधी घेऊ नये. पण हे तर कोणीही सांगेल. खरा प्रश्न असा आहे की, किती वेळा घ्यावा? दहातून एकदा? निम्म्या वेळा? याला काही निश्चित संख्येचे उत्तर असू शकेल का?

असे उत्तर आहे. गणितज्ञांनी ते पोकर नावाच्या पत्त्यांच्या खेळाचा अभ्यास करताना शोधले. ते समजण्यासाठी बेरीज, वजाबाकी आणि साधे अपूर्णांक एवढेच गणित पुरते.

खेळातून जन्मलेले गणित

पोकर हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत, मिसिसिपी नदीच्या परिसरात रुजला. त्याचे प्रकार पुष्कळ आहेत, पण गाभा एकच. प्रत्येकाला आपली पाने दिसतात, दुसऱ्याची दिसत नाहीत. ज्याला आपली पाने चांगली वाटतात तो मधल्या राशीत भर घालतो. इतरांनी एक तर तेवढीच भर घालावी, नाही तर डाव सोडून द्यावा. सगळ्यांनी डाव सोडला तर रास त्याला मिळते आणि त्याला आपली पाने दाखवावीही लागत नाहीत! म्हणूनच हातात काही नसताना मोठी बोली लावून इतरांना पळवून लावण्याचा मोह होतो. यालाच पोकरमध्ये 'ब्लफ' म्हणतात. कबड्डीतला गडी एका बाजूला झेपावल्यासारखे दाखवून दुसरीकडे पाय टाकतो, त्याला आपण हूल देणे म्हणतो. ब्लफला हाच मराठी शब्द शोभतो. आपणही या लेखात 'हूल' असेच म्हणू.

बुद्धिबळाच्या पटावर सगळे काही दोघांच्याही डोळ्यांसमोर असते. पोकरमध्ये तसे नसते. इथे माहिती लपलेली असते आणि समोरचा खोटेही बोलू शकतो. व्यापार, युद्ध, वाटाघाटी या व्यवहारांशी पोकरचे साम्य आहे ते यामुळेच. फ्रेंच गणितज्ञ एमिल बोरेल यांनी १९२१ साली अशा खेळांचे गणित मांडायला आरंभ केला. बुडापेस्टमध्ये जन्मलेले थोर गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ साली एक महत्त्वाचे प्रमेय प्रसिद्ध केले. दोघांच्या खेळात एकाचा फायदा तोच दुसऱ्याचा तोटा असेल, तर प्रत्येकाला स्वतःसाठी एक सुरक्षित धोरण असते, असा त्याचा आशय आहे. पुढे १९४४ साली त्यांनी अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासह खेळांच्या सिद्धांतावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात पोकरला मानाचे स्थान आहे.

पण संपूर्ण पोकर फार गुंतागुंतीचा. म्हणून हॅरल्ड कून या तरुण अमेरिकन गणितज्ञाने १९५० साली एक युक्ती केली. बावन्न पानांऐवजी त्याने फक्त तीन पानांचा पोकर घेतला आणि तो पूर्णपणे सोडवून दाखवला. आपण तोच खेळ घरी मांडू या.

तीन पानांचा खेळ

कॅटमधून एक राजा, एक राणी आणि एक गुलाम काढा. राजा सर्वांत मोठा, गुलाम सर्वांत लहान. वाटीभर चिंचोके घ्या. खेळणारे दोघे : तुम्ही आणि तुमची ताई. तुम्ही पहिले, ताई दुसरी.

दोघांनीही आरंभी एकेक चिंचोका मध्ये टाकायचा. तीन पाने पिसून दोघांना एकेक पालथे पान द्यायचे. तिसरे कोणी पाहायचे नाही. आता पहिल्याने, म्हणजे तुम्ही, ''पास'' म्हणायचे. मग ताईची पाळी. तिला दोन मार्ग मोकळे आहेत :

(१) तिनेही ''पास'' म्हणावे. मग दोघांनी पाने उघडायची. ज्याचे पान मोठे त्याला मधले दोन चिंचोके.

(२) तिने आणखी एक चिंचोका टाकून बोली लावावी. आता पाळी पुन्हा तुमची. तुम्ही डाव सोडलात तर रास ताईची. तुम्हीही एक चिंचोका टाकून ''दाखव'' म्हणालात, तर पाने उघडायची आणि मोठ्या पानाला चारही चिंचोके.

(कूनच्या मूळ खेळात पहिल्या गड्यालाही बोली लावता येते. पण तशी मुभा असली तरी त्याची स्थिती काही सुधारत नाही, असे त्याच्या गणितातून निघते. म्हणून आपण सोपा मार्ग घेतला.)

तुमच्या हाती राजा असेल तर विचार करायला नको. ताईने बोली लावताच ''दाखव'' म्हणा. गुलाम असेल तरी विचार करायला नको. गुलाम कोणालाच हरवत नाही, डाव सोडा. सगळी अडचण राणीची आहे. तुमच्या हाती राणी आणि ताईने बोली लावली. तिच्याकडे राजा आहे, की गुलाम घेऊन ती हूल देत आहे? ताईच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही!

एकास तीन

प्रथम तुमच्या बाजूने हिशेब करू. मध्ये आता तीन चिंचोके आहेत : तुमचा एक आणि ताईचे दोन. ''दाखव'' म्हणायला तुम्हांला एक चिंचोका घालावा लागतो. हूल असेल तर ते तीनही तुमचे होतात. हूल नसेल तर घातलेला एक जातो. म्हणजे एक पणाला लावून तीन मिळवण्याचा प्रश्न आहे. चार वेळा ''दाखव'' म्हटल्यावर तीनदा राजा निघाला आणि एकदाच गुलाम निघाला, तरी तीन गेले आणि तीन आले. बरोबरी झाली. यावरून पहिली महत्त्वाची गोष्ट कळते. ''दाखव'' म्हणण्यासाठी हूल असल्याची खात्री लागत नाही. ताईच्या चार बोल्यांपैकी एकीहून अधिक बोल्या हुली असतील, तर ''दाखव'' म्हणणे फायद्याचे. एकीहून कमी असतील तर तोट्याचे.

हे ताईलाही कळते. तुमच्या हाती राणी असताना तिच्याकडे राजा किंवा गुलाम येण्याची शक्यता सारखीच असते. राजावर ती दर वेळी बोली लावणारच. गुलामावर तिने तीनातून एकदा हूल दिली, तर तीन राजांमागे एक गुलाम असे प्रमाण पडते. म्हणजे चारातून एक. आता तुम्ही राणीवर ''दाखव'' म्हणा किंवा डाव सोडा, सरासरीने काहीच फरक पडत नाही. तुमची कोंडी करणारे प्रमाण हे असे : गुलामावर तीनातून एकदा हूल.

आता ताईच्या बाजूने पाहू. तिच्या हाती गुलाम आहे. ती ''पास'' म्हणाली तर आरंभीचा चिंचोका गेलाच. तिने एक चिंचोका टाकून हूल दिली आणि ती पचली, तर मधले दोन चिंचोके मिळतात. पकडली गेली तर टाकलेला एक जातो. एक पणाला लावून दोन. म्हणून तिची हूल तीनातून दोनदा पकडली जायला हवी, म्हणजे तिला हुलीतून काही सुटणार नाही. तिच्याकडे गुलाम असताना तुमच्याकडे निम्म्या वेळा राजा असतो. तो दर वेळी पकडतो; झाले १/२. उरलेल्या निम्म्या वेळा राणी असते. एकूण २/३ व्हायला आणखी १/६ हवा, आणि निम्म्याचा तिसरा हिस्सा म्हणजे १/६. म्हणजे राणीने तीनातून एकदा ''दाखव'' म्हणावे!

आपल्या प्रश्नाचे उत्तर हे असे. या खेळात राणीवर संशय घ्यायचा तो नेमका तीनातून एकदा.

अठरा डावांचा हिशेब

दोघांनीही ही धोरणे पाळली तर कोण जिंकेल? पाने सहा प्रकारे वाटली जातात. अठरा डावांत प्रत्येक प्रकार सरासरीने तीनदा येईल असे धरून तुमचा जमाखर्च मांडू. पहिले नाव तुमच्या पानाचे आहे.

राजा–राणी : ताई पास म्हणते. तुम्हांला +३.
राजा–गुलाम : तीनातून एकदा ताई हूल देऊन अडकते (+२), दोनदा पास (+१, +१). एकूण +४.
राणी–राजा : एकदा दाखव (−२), दोनदा सोडला (−१, −१). एकूण −४.
राणी–गुलाम : दोनदा ताई पास म्हणते (+१, +१). एकदा हूल देते. त्यात तुम्ही तीनातून एकदा +२ मिळवता, दोनदा −१ देता, म्हणजे सरासरी ०. एकूण +२.
गुलाम–राजा : −३.
गुलाम–राणी : −३.

बेरीज करा : ३ + ४ − ४ + २ − ३ − ३ = −१. अठरा डावांमागे तुम्ही एक चिंचोका गमावता!

हे जरा विचित्र वाटेल. पाने दोघांना सारखीच वाटली. नियम सारखे. तुम्ही एकही चूक केली नाही. मग हा चिंचोका गेला कशाचा? तो पहिल्यांदा बोलल्याचा दंड आहे. ताईने तोंड उघडण्यापूर्वी तुमचे ''पास'' ऐकले. तुम्ही मात्र काहीच न ऐकता बोललात. ज्याला उशिरा बोलायला मिळते त्याच्याकडे अधिक माहिती असते आणि माहितीला मोल असते. या खेळात ते मोल बरोबर १/१८ चिंचोका आहे. म्हणून न्याय हवा असेल, तर एका डावात तुम्ही पहिले आणि पुढच्या डावात ताई पहिली, असे आलटून पालटून खेळले पाहिजे. खऱ्या पोकरमध्येही पाने वाटणाऱ्याची जागा प्रत्येक डावाला एकेक घर पुढे सरकते, ती याचसाठी.

संशयी आणि भोळा

आता धोरण सोडून वागणाऱ्यांचे काय होते ते पाहू. समजा, तुम्ही पक्के संशयी आहात. राणी हाती असली की दर वेळी ''दाखव'' म्हणता. ताई हे ओळखते आणि हूल देणे बंद करते. ती फक्त राजावरच बोली लावते. आता हिशेब असा : राजावर +३ आणि +३, राणीवर राजापुढे −६, गुलामापुढे +३, गुलामावर −३ आणि −३. बेरीज −३.

समजा, तुम्ही अगदी भोळे आहात. राणीवर कधीच ''दाखव'' म्हणत नाही. ताई हेही ओळखते आणि गुलाम हाती आला की दर वेळी हूल देते. आता राजावर +३ आणि +६. राणीवर −३ आणि −३. गुलामावर −३ आणि −३. बेरीज पुन्हा −३!

अतिसंशय आणि अतिविश्वास, दोन्हींची किंमत इथे सारखीच निघाली. शहाण्या धोरणाच्या तिप्पट. शिवाय या दोन हिशेबांत आणखी एक गोष्ट दडली आहे. संशयी माणसाला हूल पकडण्याचे समाधान कधी मिळतच नाही. त्याच्या संशयानेच हुली बंद होतात आणि तो फक्त राजेच पकडत बसतो.

फासा का टाकायचा?

तीनातून एकदा म्हणजे दर तिसऱ्या वेळी, असे मात्र समजू नका. तुम्ही दोनदा सोडून तिसऱ्यांदा ''दाखव'' म्हणू लागलात, तर ताई दोन बोटे मोजून तुमचे धोरण ओळखेल. निवड अशी हवी की ती तुम्हांलाही आधी माहीत नसावी. यासाठी सापशिडीचा फासा वाटीखाली हलवून गुपचूप पाहा. १ किंवा २ पडले तर ''दाखव'', एरवी डाव सोडा. फासा सहातून दोनदा, म्हणजे तीनातून एकदाच तसा पडतो. फासा जवळ नसेल तर घड्याळाचा सेकंदकाटा पाहा. तो पहिल्या वीस सेकंदांत असेल तर ''दाखव''.

निर्णय फाशावर सोपवणे हे अडाणीपणाचे वाटेल. पण त्यामुळे तुम्हांला एक हमी मिळते. ताई कितीही हुशार असो, तुमचा चेहरा कितीही वाचो, ती तुमच्याकडून अठरा डावांमागे सरासरी एकाहून अधिक चिंचोका काढू शकत नाही. जे तुम्हांलाच ठाऊक नाही ते ती वाचणार कसे?

आणखी एक गमतीची गोष्ट. ताईच्या हाती राणी असेल तर तिने हूल द्यावी का? बहुतेकांना वाटते, गुलामापेक्षा राणी बरी, मग तिच्यावरच बोली लावावी. पण पाहा : ताईने राणीवर बोली लावली तर राजावाला ''दाखव'' म्हणतो आणि गुलामवाला पळतो. म्हणजे जो तिला हरवतो तो थांबतो, आणि ज्याला ती एरवीही हरवणारच होती तो निघून जातो. बोलीचा उपयोग शून्य. हूल द्यायची ती सर्वांत वाईट पानावर, मधल्या पानावर नाही. फॉन नॉयमन यांच्या गणितातही हाच निष्कर्ष निघाला होता. त्यांनी असेही दाखवून दिले की, हूल पकडली गेली तरी ती वाया जात नाही. अधूनमधून हूल देणाऱ्याच्या खऱ्या बोलीवरही लोक ''दाखव'' म्हणतात आणि मग राजाची कमाई वाढते.

मागे माणसे बसलेली असताना

आता दोघांचा खेळ सोडून सहा जणांच्या मेजाकडे जाऊ. एकाने बोली लावली आहे. तुम्हांला हुलीचा वास येतो. पण त्याच्यानंतर बोलायची पहिली पाळी तुमची आहे आणि तुमच्या मागे आणखी चौघे बोलायचे आहेत. अशा अगोदरच्या जागेवरून ''दाखव'' म्हणावे का?

एक उदाहरण घेऊ. समजा, मध्ये तीन चिंचोके आहेत, ''दाखव'' म्हणायला एक लागतो आणि शंभरातून तीस वेळा ही हूल असते, असा तुमचा अंदाज आहे. तुमच्या मागे कोणी नसते तर दहा वेळांत तीनदा ३ चिंचोके मिळाले असते आणि सातदा १ गेला असता : ९ − ७ = २ चिंचोक्यांचा फायदा. पण आता मागच्या चौघांपैकी प्रत्येकाकडे भारी पान असण्याची शक्यता दहातून एक आहे असे धरा. चौघांपैकी एकाकडेही ते नसण्याची शक्यता ०·९ × ०·९ × ०·९ × ०·९, म्हणजे सुमारे ०·६६. तुम्ही जिंकण्यासाठी दोन गोष्टी एकदम घडायला हव्यात : समोरची हूल असली पाहिजे आणि मागे कोणाकडे भारी पान नसले पाहिजे. ०·३० × ०·६६ = सुमारे ०·२०. दहातून फक्त दोनदा! आता ६ − ८ = −२. जो संशय शेवटच्या जागेवरून दोन चिंचोके मिळवून देतो, तोच अगोदरच्या जागेवरून दोन चिंचोके घालवतो. तुमचा अंदाज तोच, तुमचे पान तेच. बदलली ती फक्त बसण्याची जागा.

म्हणून अनुभवी खेळाडू अगोदरच्या जागेवर बसले की निव्वळ संशयावर भर घालत नाहीत. हूल पकडण्याचे काम ते बहुधा शेवटी बोलणाऱ्यावर सोडतात. त्याच्या मागे कोणी नसते आणि पुढच्या सगळ्यांचे बोलणे त्याने ऐकलेले असते.

न दिसणारी पाने

कोणी म्हणेल, ''फासा कशाला? ताई किती हुली देते याची मी वही ठेवीन.'' कल्पना चांगली आहे. ताई गुलामावर निम्म्या वेळा हूल देते असे सिद्ध झाले, तर तिच्या तीन बोल्यांपैकी एक हूल ठरेल. तीनातून एक हे चारातून एकाहून जास्त, तेव्हा राणीवर दर वेळी ''दाखव'' म्हणणे फायद्याचे होईल.

पण या वहीत एक खोट आहे. तुम्ही डाव सोडलात की ताईचे पान पालथेच राहते. ज्या हुली पचल्या त्या तुमच्या वहीत येतच नाहीत. शिवाय पकडलेली एक हूल आपण महिनाभर सांगत फिरतो आणि व्यर्थ घातलेले तीन चिंचोके विसरतो. शास्त्रीय निरीक्षणात ही चूक फार वेळा होते. जे दिसले तेवढेच मोजायचे आणि जे दिसूच शकले नाही ते घडलेच नाही असे समजायचे. यावर उपाय एकच. प्रत्येक डावाची दोन्ही पाने पाहून नोंदणारा तिसरा माणूस हवा.

यंत्राचा पस्तावा

तीन पानांचा खेळ कागदावर सुटतो. बावन्न पानांच्या खेळाला संगणक लागला. २०१५ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी, ठरावीक बोल्यांचा दोघांचा पोकर जवळजवळ पूर्ण सोडवल्याचे जाहीर केले. त्यांच्या आज्ञावलीचे नाव सीफियस. या खेळात निर्णय घेण्याचे प्रसंग सुमारे ३१९ वर बारा शून्ये इतके आहेत! सीफियसला कोणीही पोकर शिकवला नाही. ती स्वतःशीच असंख्य डाव खेळली आणि प्रत्येक प्रसंगी 'मी दुसरे काही केले असते तर किती जास्त मिळाले असते' याची नोंद ठेवत गेली. संशोधक या नोंदीला पस्तावा म्हणतात. ज्या निवडीचा पस्तावा अधिक, ती पुढच्या वेळी अधिक वेळा करायची. एवढ्यावर यंत्र हूल द्यायला आणि हूल पकडायला आपोआप शिकले. पाने वाटणारा पहिली फेरी सोडली तर शेवटी बोलतो. त्याचीच बाजू या खेळात सरस असते, हे लोकांच्या अनुभवातले सत्यही तिने हिशेबाने दाखवले. २०१७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या आज्ञावलीने, हव्या तेवढ्या बोलीच्या पोकरमध्ये चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांच्या सामन्यात हरवले.

पत्त्यांच्या बाहेर

मुंबईच्या लोकल गाडीचा विचार करा. लाखो लोक स्टेशनात येतात, प्रत्येकाचे तिकीट तपासणे अशक्य. अजिबात तपासले नाही तर फुकटे वाढतील. तिकीट तपासनीस रोज एकाच पुलावर एकाच वेळी उभा राहिला, तर फुकटे दुसऱ्या पुलाने जातील. तेव्हा थोडे तपासायचे, पण कोठे आणि केव्हा ते कोणाला ओळखता येता कामा नये. हा राणीचाच प्रश्न आहे.

अमेरिकेतील लॉस एंजलिसच्या विमानतळावर २००७ सालापासून असेच गणित कामी लावण्यात आले. रस्त्यांवरील तपासणी नाकी आणि श्वानपथकांच्या फेऱ्या केव्हा व कोठे ठेवायच्या, हे ठरवणारी आज्ञावली संगणकशास्त्रज्ञ मिलिंद तांबे यांच्या गटाने दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार केली होती. पाळत ठेवणाऱ्याला वेळापत्रक ओळखू येऊ नये म्हणून ती निवड यदृच्छेवर, पण जागांचे महत्त्व पाहून ठरवलेल्या प्रमाणात करते. सापशिडीचा फासाच तो, फक्त मोठा!

वर्गात करून पाहा

हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. तिघातिघांचे गट करा : दोघे खेळणारे, एक नोंद ठेवणारा. प्रत्येक गटाने १८० डाव खेळावेत. पहिल्याने राणीवर आणि दुसऱ्याने गुलामावर फासा टाकूनच निर्णय घ्यावा. पहिल्याचा तोटा दहा चिंचोके अपेक्षित आहे. पण एकाच गटाचा निकाल पाहून गणित चूक ठरवू नका. १८० डावांत निव्वळ योगायोगानेच सोळाएक चिंचोके इकडचे तिकडे होतात, तेव्हा काही गटांत पहिलाच जिंकलेला दिसेल. वीस गटांचे ३,६०० डाव एकत्र केले की अपेक्षित तोटा दोनशे होतो आणि योगायोगाची चढउतार मात्र सत्तरच्या आसपासच राहते. मग पहिल्या जागेचा दंड बहुधा स्पष्ट दिसेल. डाव वीसपट झाले की तोटा वीसपट होतो, पण चढउतार वीसपट का होत नाही, हा प्रश्न शिक्षकांना अवश्य विचारा.

चिंचोक्यांच्या जागी पैसे मात्र आणू नका. आपल्या हिशेबात एकही चूक न करणारा गडीसुद्धा केवळ जागेमुळे हरला. पैशांच्या खेळात तर खेळवणारा प्रत्येक राशीतून आपला वाटा काढून घेतो, तेव्हा सगळ्यांची मिळून बेरीज शून्यही राहत नाही, ती उणे होते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेने २०२५ साली केला. त्यामागे अनेक घरांची झालेली वाताहत आहे.

शेवटी एक प्रश्न तुमच्यासाठी. ताईची बोली एकाऐवजी दोन चिंचोक्यांची केली आणि बाकी सगळे नियम तसेच ठेवले तर? मोठ्या बोलीने तुम्ही अधिक घाबराल आणि ताईचा फायदा वाढेल, असे वाटते ना? वरच्याच पद्धतीने हिशेब करा. राणीवर किती वेळा ''दाखव'' म्हणायचे ते काढा आणि मग अठरा डावांची बेरीज करा. ती शून्य येईल. का, ते शोधून काढा.